लिफ्ट आणि मिरच्या

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हौस म्हणून नाही. मीटिंगला दुसरं कुणी तोंड उघडलं नाही आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून. नवी मुंबईतल्या शिरवणे गावात आमच्या जुन्या घराच्या जागेवर ही पाच मजली बिल्डिंग उभी राहिली, तेव्हापासून खालच्या पंपापासून वरच्या टाकीपर्यंत सगळी कटकट माझ्याच डोक्याला.

मागच्या वर्षी सोसायटीचं लाइटबिल फार यायला लागलं, तेव्हा ठरलं की दुपारी लिफ्ट बंद ठेवायची. दुपारी कोण ये-जा करतं, म्हणे. माझी सासू करते. गंगूबाई म्हटलं की अख्खं गाव ओळखतं. उन्हाळा लागला की वाशी मार्केटातून मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या आणि वर्षाचा आगरी मसाला करून सासरी गेलेल्या लेकींना पोचवायचा, हे तिचं काम. त्यात ती कुणाला हात लावू देत नाही. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे पार गेलेत. कठडा धरून, पायरीपायरीला थांबत ती वर जायची.

मला ते बघवेना. म्हणून मी सोलरच्या मागे लागले. लोकांना पटवलं, कागदपत्रांसाठी चकरा मारल्या, वाद घातले. दिवसाची वीज गच्चीवरच तयार झाली की लिफ्ट दुपारीही चालू, हे मीटिंगमध्ये कबूल करून घेतलं. कुणासाठी, ते मात्र बोलले नाही. सासूसाठी म्हटलं असतं तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं, आणि सगळ्यात आधी तिनेच.

पॅनल बसले, लिफ्ट सुरू झाली. आणि एप्रिल लागला तशी ऐन दुपारची वीज कमी पडायला लागली. पॅनल किती वीज देतात ते मोबाइलवर दिसतं. तिसऱ्या मजल्यावरचे उदयसिंह, मूळचे साताऱ्याचे, रोज मोबाइल पुढे करून मला गाठायचे.

"वहिनी, ऊन तर मरणाचं पडलंय की. मग वीज कुठं चाललीय? असंच राहिलं तर लिफ्ट परत बंद करावी लागंल बघा."

माझा जीव वरखाली व्हायला लागला. पॅनलवाल्या कंपनीच्या अंकुरला मी रोज फोनवर असं काही झापलं की शेवटी तो भर दुपारी हजर झाला. उदयसिंहांना घेऊन आम्ही गच्चीवर गेलो.

शेवटच्या ओळीतल्या पॅनलांवर सासूचं जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर लालभडक मिरच्या. घसरू नयेत म्हणून खालच्या कडेला बांबू बांधलेला. आणि सासूबाई टाकीच्या सावलीत देठ खुडत बसलेल्या.

अंकुरने कपाळाला हात लावला. "मॅडम, एक पॅनल झाकलं तरी अख्खी ओळ मंदावते."

उदयसिंह हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हे काय?"

"मिरच्या," ती म्हणाली. "तुमी सगली गच्ची भरून टाकली, मंग मी कुठं वालवू? आनि हे बरा तापतंय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे पॅनल आणले कुणासाठी? तुमच्या गुडघ्यांसाठी. दुपारी तुम्हाला लिफ्टने इथे येता यावं म्हणून भांडले मी लोकांशी."

उदयसिंह हसायचे थांबले. तिचे हातही थांबले.

"तं आदी सांगाचा ना, बाय."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, वाळवायला जागा उरली नाही म्हणून?"

"तू यवरी खुशीत व्हतीस. तुजा हिरमोड कनाला करू?"

ती उठली आणि मिरच्या गोळा करायला लागली. म्हणाली, पोरी खातील दुकानातला मसाला, तुमचा लिफ्ट चालू दे. लिफ्ट मी दिली आणि जिथे जायचं ती जागाच काढून घेतली. मी तिच्या हातातलं लुगडं धरलं.

"अंकुर, ही ओळ काढा."

"मॅडम, मग वीज कमी पडणार."

मी उदयसिंहांकडे बघितलं. ते लिफ्ट बंद म्हणाले असते तर सगळंच मुसळ केरात.

"जिन्यातले दिवे दिवसाढवळ्या जळत असतात," ते म्हणाले. "ते बंद ठेवू. पंपाची वेळ बघू. लिफ्ट ऱ्हाऊ द्या."

मला हायसं वाटलं. मिरच्यांची पाटी उचलून मी सासूला पाचव्या मजल्यावर लिफ्टपाशी आणलं.

"चला. रोज येता-जाता तशा लिफ्टने."

"रोज कवा?" ती म्हणाली. "मी जिन्यानंच येतंय. वीज कमी परतंय म्हनून तू रोज फोनवर वरडत व्हतीस. मंग म्हटला, ती वीज मी तरी कनाला जालू?"

मला तिथेच रडू फुटलं. लिफ्ट येऊन उभी राहिली तरी पाय उचलेनात. शेवटी तिनेच मला हाताला धरून आत नेलं.