बर्फाखालचे वाफे

वाफे चार, प्रत्येकी बारा चौरस मीटरचे. कडेच्या नारिंगी काठ्या छत्तीस. माहितीसभेसाठी मांडलेल्या खुर्च्या चाळीस, आलेली माणसं तीन. त्यातला एक दार बंद करायला थांबलेला.

विद्यापीठातल्या संशोधक टिल्डाने हे सगळं वहीत लिहिलं. उत्तरेकडच्या बर्फाळ पिटेओ गावात, वाचनालयामागे पार्किंगचं बर्फाचं पाणी मुरवायला विद्यापीठाने हे वाफे केले होते. गेल्या वसंतात पाणी मुरलंच नाही, आठवडाभर तळं साचलं. आता नगरपालिकेने बजावलं होतं: एप्रिलमध्ये एखादा तरी वाफा तासाला तीस मिलिमीटर पाणी मुरवून दाखवा, नाहीतर चारही वाफ्यांवर डांबर. टिल्डाची तीन वर्षं त्याखाली गेली असती.

आलेल्यांत गुनवोर लान्तो होती, तीस वर्षं बर्फ लोटायचं यंत्र चालवणारी. काठ्यांच्या आत बर्फ टाकू नकोस, अशी टिल्डाने तिला विनंती केली. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी फावड्यांनी वाफे अगदी स्वच्छ ठेवले होते, हेही सांगितलं. गुनवोरने तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत टाकलेला चीजचा तुकडा चमच्याने काढून खाल्ला.

"पोरी, तुझ्या आईकडे नळाचा पाइप जातो त्या जमिनीवरचा बर्फ काढता का तुम्ही?"

"नाही. उलट वर आणखी टाकतो, पांघरुणासारखा. नाहीतर जमीन खोलवर गोठते आणि..." टिल्डा थांबली. स्वच्छ ठेवलेले वाफे असेच खोलवर गोठले होते, म्हणून वसंतात पाणी मुरलं नव्हतं.

"शिकलेल्या माणसांना जरा वेळ लागतो," गुनवोर म्हणाली.

दोनच वाफे बर्फाने झाकायचे, तुलनेसाठी दोन उघडे ठेवायचे, असा टिल्डाने हट्ट धरला. मुद्दाम दोन गोठवायचे म्हणजे काय, असं पुटपुटत गुनवोरने ते मान्य केलं. रस्त्यावरच्या बर्फात मीठ आणि खडी असते, म्हणून ती फुटबॉलच्या मैदानावरचा बर्फ आणायची. माती दबू नये म्हणून यंत्राची बादली अगदी खाली नेऊन हलकेच रिकामी करायची. पहिला थर जमीन गोठायच्या आत, नोव्हेंबरच्या सातव्या दिवशी पडला. तारीख आणि बर्फाची जाडी ती केबिनमधल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायची. मार्चअखेर टिल्डाने पुठ्ठा उतरवून घेतला: एकोणचाळीस नोंदी, एकही गाळलेली नाही. तिच्या स्वतःच्या वहीत सहा दिवस कोरे होते.

पुढची सभा टिल्डाने बर्फयंत्र चालकांच्या चहापाण्याच्या खोलीत घेतली. खुर्च्या बारा, माणसं एकोणीस.

एप्रिलच्या विसाव्या दिवशी नगरपालिकेच्या माणसासमोर तिने चारही वाफ्यांत गोल लोखंडी कडी ठोकून त्यांत पाणी ओतलं. गुनवोरने घड्याळ धरलं.

उघड्या वाफ्यांत तासाला चार मिलिमीटर पाणी मुरलं, झाकलेल्यांत एकसष्ट.