कुरकुर कायमची बंद

मोठ्या साहेबांची खुर्ची वाजायची. विमा कंपनीच्या अकराव्या मजल्यावर, लांबलचक टेबलाच्या टोकाला ते बसत आणि जरा मागे रेलले की खुर्ची म्हणे, "कुईं." सगळे ऐकत, बोलत कुणी नसे. साहेबांना सांगणार कोण?

त्या दिवशी कंपनीतली एक अधिकारी बाई पुढच्या पाच वर्षांचं धोरण समजावून सांगत होती. चौदा वर्षांची नोकरी, हुद्दा सहायक उपाध्यक्षांचा. पडद्यावर रंगीत बाण वर वर चालले होते आणि दर बाणाला "कुईं." सातव्या बाणाला तिचा धीर सुटला. "एक मिनिट हं," म्हणत ती सरळ टेबलाखाली शिरली. केसांतल्या पिनेनं खुर्चीच्या बुडाचा कचरा खरवडला, पर्समधलं ओठांचं मलम तिथं चोपडलं आणि खालूनच म्हणाली, "साहेब, आता रेला."

साहेब रेलले. आवाज नाही. पुन्हा रेलले. दुखरी दाढ अचानक थांबावी तसा त्यांचा चेहरा झाला. ती गुडघे झटकत वर आली, तेव्हा तिला वाटलं, चौदा वर्षांत आज पहिल्यांदाच आपण एखादं काम पुरं केलं.

आठवड्याभरात तिनं राजीनामा दिला.

"कारण?" मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी विचारलं.

"खुर्ची."

बाईंनी आवाज खाली आणला. "कुणाची?"

संध्याकाळपर्यंत कचेरीभर झालं, की हिला मोठ्या साहेबांची खुर्ची हवी आहे. घाबरून वरच्यांनी तिला बढती देऊ केली. तिनं हात जोडले आणि घर गाठलं.

घरी नवरा गणिताचा मास्तर. त्यानं बराच वेळ आकडेमोड करून विचारलं, "पण दारं-खुर्च्यांचे आवाज घालवायला माणसं पैसे देतील?" सासूबाई म्हणाल्या, "तू गप रे. इतकी वर्षं ती काय करत होती ते तरी कुठं कुणाला कळलं होतं?"

मग तिनं दुकानादुकानांत कागद लावले: 'कुरकुर कायमची बंद करून मिळेल. घरी येऊ. तोडफोड नाही.' खाली फोन नंबर.

पहिल्याच दिवशी एकोणीस फोन आले.

"माझी थोरली जाऊ आहे. कधी येता?"

"सासऱ्यांचं काय घ्याल?"

एक गृहस्थ तर कुजबुजत होते, "बायकोची आहे हो. पण तिला कळता कामा नये."

समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस आला. शेवटी सासूबाईंनी फोन हिसकावला. "माणसांचं काम आम्ही घेत नाही. घेत असतो तर सुरुवात माझ्यापासून नसती का झाली?"

तिसऱ्या दिवशी एक काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "तातडीचं आहे, लगेच या." ती हत्यारांची पिशवी घेऊन गेली. "कुठे आहे?" काकूंनी खिडकीकडे बोट केलं. तिथं एक खुर्ची होती आणि खुर्चीत त्यांचे यजमान. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. तिनं काकांना उठवलं, खुर्ची उलटी केली, हलवली, वर बसून पाहिलं.

"खुर्ची अगदी ठीक आहे, काकू."

"खुर्चीचं कोण बोलतंय?"

काका सुरूच झाले. "कायमची बंद म्हणे! जगात कायम काही असतं का? वर्षाची हमी लिहा. तुमचा डावा बूट वाजतो. चहा पातळ आहे. आणि वरच्यांच्या दाराची मधली बिजागरी गेलीय, बदलली मात्र वरची. गाढवं!"

ती उठून वरच्या मजल्यावर गेली, दार उघडून-लावून पाहिलं. मधलीच होती. तेलाचे दोन थेंब, आणि दार मुकं.

खाली येऊन ती म्हणाली, "काका, माझ्याकडे काम कराल? चुका काढायच्या. दिवसभर."

काका कधी नव्हे ते गप्प झाले. तेवढ्यात काकूंनी त्यांचा चष्मा, टोपी आणि डबा आणून दारात ठेवला. "आजच न्या."

धंदा खरा चालला तो तिथून. काका ऐकत, ती दुरुस्त करी. दोन शाळा झाल्या, एक दवाखाना झाला आणि मग नाट्यगृहाचं मोठं काम मिळालं: चारशे बारा खुर्च्या. काका एकेकीवर बसून निकाल देत, "ही. ही नाही. ही तर निर्लज्जच आहे." अकरा दिवसांत सगळ्या गप्प.

बाराव्या दिवशी व्यवस्थापक तणतणत आला. "काय करून ठेवलंत, बाई! काल एवढी शांतता, की नटाला आतून सांगितलेलं वाक्य शेवटच्या रांगेनं नटाच्या आधी ऐकलं. लोक त्या आतल्या माणसालाच टाळ्या देत होते! निदान चाळीस खुर्च्या परत वाजत्या करून द्या."

"त्याचे वेगळे पडतील," ती म्हणाली. तो कबूल झाला.

पण वाजणारी खुर्ची मुकी करणं सोपं, मुकीला वाजवणं कठीण. पहिल्या खुर्चीचे स्क्रू तिनं ढिले केले, वंगण पुसलं. काका बसले, डोळे मिटून डुलले.

"छे. हा आवाज कोरडा आहे. रडक्या नाटकाला थोडा ओला लागतो."

कचेरीत कुणी असं म्हटलं असतं, तर तिची रात्रीची झोप उडाली असती. इथं तिनं पाना उचलला, बाही मागे सारली आणि आनंदानं पुन्हा खुर्चीखाली शिरली.