सव्वीस किलोंच्या दोन मुली

मी एक जुना वजनकाटा आहे. १९९४ साली भोसरीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी पुण्यातल्या एका रुग्णालयात, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या विभागात आलो. पायाखाली पाट, वर आडवा दांडा, दांड्यावर सरकणारे वजन. मुलांचे औषध वजन आणि उंची पाहून ठरे. मित्रांनो, दहा वर्षांत माझी एकदाही चूक झाली नाही आणि त्याचा मला गर्व होता.

ते औषध म्हणजे रक्तातली कत्तलच. माजलेल्या पेशी मारताना ते चांगल्याही मारते. कुणाचे केस गळत, कुणाचे तोंड आतून सोलून निघे.

२००४च्या जूनमध्ये हिरा आणि आलिया एकाच सकाळी माझ्यावर उभ्या राहिल्या. एकच आजार, वजनही एकच, सव्वीस किलो. दोघींना रोज एक गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत हिराच्या पांढऱ्या पेशी धोकादायक खाली आल्या, तेव्हा विभागाच्या डॉक्टरबाईंनी तिची गोळी अर्धी केली.

हिराचे वडील बापूराव मार्केट यार्डात तोलणाराचे काम करत. आयुष्यभर त्यांनी पोती तोलली होती.

"वजन सारखं, मग आमच्या पोरीला माल कमी का?" त्यांनी विचारले.

"आलियाचं शरीर हे औषध भराभर मोडतं, हिराचं फार सावकाश," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्ण दिली तर तिच्या अंगात साठत जाईल."

बापूरावांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला मात्र ते पिशवीत पाच किलोचे शिक्का मारलेले लोखंडी वजन घेऊन आले. ते माझ्यावर ठेवून त्यांनी दांडा निरखला. "काटा चोख हाय," ते पुटपुटले. मी सुखावलो. काटा चोख, म्हणजे खोट डॉक्टरांत, असा हिशेब त्यांनी मनाशी केला हे मला तेव्हा कळले नाही. त्या दिवसापासून घरी ते हिराला पूर्ण गोळी देऊ लागले.

एकवीस दिवसांनी हिराला उचलून आणले. अंगात तापाचा भडका उडालेला, नाकातले रक्त थांबत नव्हते, ओठ फाटलेले. अर्ध्या गोळीने इतके होईल हे डॉक्टरबाईंना पटेना. आजार उलटला असेल तर आणखी जालीम औषध द्यावे लागणार होते, आणि या अवस्थेत त्याने ती मेलीच असती.

चौथ्या दिवशी आजार उलटल्याची शंका बापूरावांच्या कानावर गेली. सुरुवातीच्या अर्ध्या गोळीनेच तो उलटला असे त्यांनी धरले. पिशवीतले वजन काढून त्यांनी हाताशी असलेल्या माझ्यावर घाव घातला. दांडा वाकला. दुसऱ्या घावाला तो तुटून उडाला आणि आडव्या आलेल्या श्रद्धा सिस्टरच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"अर्धी देऊन मारली माझी पोर," असे ओरडत ते डॉक्टरबाईंकडे वळले. आलियाच्या वडिलांनी, मेहबूबभाईंनी, त्यांना मागून मिठी घातली. बापूरावांचे कोपर बसून मेहबूबभाईंचा ओठ फुटला, तरी त्यांनी सोडले नाही. "बापूराव, बास करा. पोरगी बघतेय."

हिरा उठून बसली होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होते.

"आण्णा," ती वडिलांना म्हणाली, "आख्खी गोळी दिली तुम्ही. रोज."

बापूरावांच्या हातून वजन फरशीवर पडले.

डॉक्टरबाईंनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. जालीम औषधाचे नावही निघाले नाही. अठरा दिवस हिरा जगते की जाते हेच कळत नव्हते. एकोणिसाव्या दिवशी पेशी वाढू लागल्या. पुढे तिला पाव गोळीच पुरली. आलियाला एकही पुरेना, तिची दीड करावी लागली. बापूरावांवर खटला झाला आणि श्रद्धा सिस्टरचे मनगट कायमचे वाकडे राहिले.

मी आता अडगळीत आहे. मित्रांनो, मी तुमचे वजन सांगतो. आत शरीर औषधाशी कसे वागते ते मला दिसत नाही. शेजारच्या खाटेकडे बघून आपली गोळी ठरवू नका. घरी कुणी ती बदलली, तर तो बाप असला तरी डॉक्टरांना सांगा. हिराने सांगायला चार दिवस लावले. तुम्ही तेवढेही लावू नका.