फट तेवढी मोकळी ठेवा

मित्रांनो, मी एक धनेशीण आहे, म्हणजे धनेश पक्ष्याची मादी. वयाने मोठी, आणि सध्या तर अंगावर धड पिसेही नाहीत. एरवी माझा थाट बघण्यासारखा असतो. राखी अंग, टोकाला पांढरी असलेली लांब शेपटी, बाकदार चोच आणि तिच्यावर छोटेसे शिंग. डोळ्यांना पापण्यांचे केसही आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण ते फार थोड्या पक्ष्यांना असतात.

अंडी घालायची वेळ आली की आम्ही माद्या झाडाच्या ढोलीत शिरतो आणि चिखल, विष्ठा लिंपून आतून दार बंद करतो. उरते ती बोटभर फट. जुनी पिसे गळतात, उडता येत नाही. आमचे हे फळे आणून त्या फटीतून भरवतात. माझा आणि दोन पिल्लांचा जीव त्या फटीवर आहे.

काल बागेत एक गवंडी आला. पाणी साचून खोडे कुजतात म्हणून ढोल्या सिमेंटने बुजवायचे काम त्याला मिळाले होते. शिडी चढून त्याने माझी भिंत पाहिली आणि नाक मुरडले.

"कुणी केलंय हे? धड गिलावा नाही, वर फट तशीच सोडलीय."

"द्या भरून. अजून चार झाडं राहिलीत," खालून घमेले देत त्याची बायको म्हणाली.

थापीभर सिमेंट फटीवर बसले आणि आत काळोख झाला. माझ्या तोंडचे पाणी पळाले. धोका दिसला की गप्प बसायचे, ही आमची रीत. पण गप्प बसले असते तर सिमेंट वाळले असते. होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओल्या सिमेंटात चोच खुपसली.

"अहो, थांबा. आत कुणीतरी आहे," बायको म्हणाली.

गवंड्याने बोटांनी सगळे खरवडून काढले आणि आत डोकावला. "चुकलं माझं, बाई. तुझं काम पक्कं आहे." मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

पण आज तो शेजारीपाजारी, त्यांची मुले, सगळ्यांना घेऊन आला आहे. एकेक जण शिडी चढतो, डोकावतो, कौतुक करतो. आमचे हे समोरच्या झाडावर घशात फळे साठवून सकाळपासून बसून आहेत. इतक्या माणसांत ते येणार नाहीत. थोरले पिल्लू ओरडून थकले. धाकटे आता ओरडतही नाही आणि माझा जीव खालीवर होतो आहे.

मित्रांनो, त्या गर्दीत तुम्हीही असाल. तुमची माया मला कळते. पण शिडी काढा आणि घरी जा. तुम्ही दिसेनासे झालात, की मगच आम्हाला जेवायला मिळेल.