धुतलेली टाकी

विज्ञानाच्या बाईंची नोकरी कायम व्हायची की नाही, हे त्या दिवशीच्या पाठावर ठरणार होतं. तपासणीला साहेब यायचे होते आणि पाठ होता कंटकचर्मी प्राण्यांचा. नुसत्या चित्रांवर भागवायला नको म्हणून बाईंनी मच्छीमारांच्या मागे लागून एक जिवंत तारामासा मिळवला होता. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत पाणीसुद्धा समुद्राचंच, कॅन भरून आणलेलं. बोट लावलं की त्याचे नळीसारखे इवले पाय बोटाला चिकटायचे आणि मुली खिदळायच्या.

मुख्याध्यापिका म्हणजे बाईंची थोरली नणंद. नोकरी तिनेच लावून दिली होती आणि ते ती विसरू देत नसे. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणं फिरून तिथेच यायचं.

त्या सकाळी बाई प्रयोगशाळेत गेल्या तर टाकी चकाचक, आणि तारामासा तळाशी सैल पडलेला.

"आता कशी दिसतेय बघ," नणंद मागून म्हणाली. "ते हिरवट पाणी बघून साहेबांनी नाकच मुरडलं असतं. मी स्वतः उभं राहून धुऊन घेतली. नळाचं स्वच्छ पाणी भरलंय."

बाईंनी हळूच सांगितलं, की ताई, याच्या अंगात समुद्राचंच पाणी खेळतं, पायही त्याच्याच जोरावर हलतात. गोड्या पाण्यात हा तगत नाही.

"मग झोपलाय म्हण," नणंद म्हणाली. "कोण त्याची नाडी बघतंय?"

पाठ सुरू झाला. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला तारामाशाचे पाय दाखवायला सांगितलं. तिने सवयीने बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"चिकटत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. झोपलाय, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गेलेल्या जिवावर खोटं बोलणं बाईंना जमेना.

"मेलाय, साहेब. हे प्राणी गोड्या पाण्यात जगत नाहीत."

मग गोडं पाणी घातलं कोणी, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी साहेबांशेजारी बसलेल्या नणंदेकडे पाहिलं.

"टाकी बाईंच्याच ताब्यात असते," नणंद म्हणाली, घरच्या माणसाची बाजू घ्यावी तशा मऊ आवाजात. "नव्या आहेत, साहेब. शिकतील."

बाई काही बोलल्या नाहीत. साहेबांनी शेरा मारला: निष्काळजी. नोकरी कायम होण्याचा विषय तिथेच मिटला.

वर्ग सुटल्यावर ती मुलगी मागे रेंगाळली. टाकी धुताना बादल्या आम्हीच भरल्या, असं तिने आपण होऊन सांगितलं.

"अगं, मग तुम्हाला ठाऊक नव्हतं का? मागच्याच तासाला शिकवलं होतं ना मी?"

"ठाऊक होतं. परीक्षेला येईल म्हणून पाठही केलंय," मुलगी म्हणाली. "पण मोठ्या बाईंना सांगणार कोण?"

तिला रागवायला हवं होतं. पण कोणत्या तोंडाने, ते बाईंना सुचेना.