घरीच तर होतात!

सहवैमानिक पहाटे चारला उठली, आंघोळ केली, इस्त्रीचा गणवेश दाराजवळच्या खुंटीला लावला आणि फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. पाच वाजले. ड्यूटी सुरू झाली. ड्यूटी काय, तर बसायची.

हिला राखीव ड्यूटी म्हणतात. पाच ते पाच, बारा तास. कोणी वैमानिक आजारी पडला, कुठे अडकला की तिला फोन येणार, आणि दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. याचं नाव शॉर्ट कॉल. जुने लोक आपापली उड्डाणं आधी निवडून घेतात, उरलंसुरलं नव्यांच्या पदरात पडतं. नोकरीला चार वर्षं होऊनही गेले अकरा महिने तिच्या पदरात हेच पडत होतं. आणि गंमत बघा, फोनकडे बघत काढलेले हे तास कंपनी विश्रांतीत धरते. घरीच तर होतात! मग झोपायचं की, असं तुम्ही म्हणाल. पाच मिनिटांत फोन उचलला नाही तर गैरहजेरी लागते. झोपून बघा एकदा तसं.

"ही घरात असते, पण घरात नसते," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. सुनेचं गाऱ्हाणं म्हणून सांगायच्या, पण खोटं नव्हतं.

दुपारी दोनला ती लेकीला शाळेतून आणायला गेली. येताना चौकात सिग्नल लागला. मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "आई, हिरवा झाला." मग म्हणाली, "आई, परत लाल झाला." मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"कितीदा झाला गं हिरवा?"

"दोनदा. तू बघत होतीस की!"

ती बघत होती, हे खरं. घाबरायला हवं होतं, पण ती घाबरली नाही. घरी येऊन लेकीला जेवायला वाढताना तिला एवढंच वाटलं, की आपल्याला भीतीसुद्धा वाटेनाशी झालीय.

चार वीसला फोन वाजला. पलीकडे ड्यूटी लावणारा होता. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, सातचं उड्डाण आहे. जायचं, यायचं. मध्यरात्रीपर्यंत घरी."

"मी पहाटे चारला उठलेय."

"हो, पण घरीच तर होतात! कागदावर तुम्ही एकदम ताज्या आहात."

"मी थकलेय. मी विमान नेणार नाही."

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "पोट बिघडलं लिहू का? सगळे तेच सांगतात. काही होत नाही त्याने."

हीच तर रीत! या कंपनीत सगळ्यांची पोटं बिघडतात, थकत मात्र कोणी नाही. पोट बिघडलं तर रजा मिळते, थकलो म्हटलं तर चौकशी लागते. वर्षभरात तिनेही चारदा पोट बिघडवून घेतलं होतं. म्हणून तर कंपनीचे साहेब छातीठोकपणे सांगायचे, की आमच्याकडे थकव्याची एकही तक्रार नाही.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो समोर उभा राहून हातवारे करत होता. "पोट म्हण गं, पोट! आठ दिवसांवर कप्तानपदाची यादी आलीय. आता कशाला हात दाखवून अवलक्षण?"

सासूबाई दारात येऊन थांबल्या. "तिचं तिला बोलू दे," त्या मुलाला म्हणाल्या.

"थकवा लिहा," ती फोनवर म्हणाली. "थ-क-वा."

"बघा हं मॅडम. मग पुढच्याला लावतो."

पुढचा म्हणजे बारक्या, तिच्यानंतर वर्षभराने लागलेला. वीस मिनिटांत त्याचाच फोन आला.

"ताई, काय केलंस हे? पोटाचं सांगायचं ना! मी निघालोय आता."

"किती वाजता उठलास?"

"...चारला. पण मी काही थकलेलो नाही. म्हणजे, चालतं गं."

"तुझी बायको बसली असती त्या विमानात, तर चाललं असतं?"

रस्त्याचा आवाज येत राहिला, मग गाडी थांबल्याचं कळलं.

"त्यांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"मला आत्ता सांगितलंस तेच."

त्याने सांगितलं. एका संध्याकाळी दोन माणसं थकली. असं त्या कंपनीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आठ दिवसांनी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तिला रडू आलं नाही, आणि फार मोठं काही केलं असंही वाटलं नाही. थकव्याचा रकाना कोरा राहिला नाही, एवढं तिला कळलं. पुढच्या महिन्यात तिला पुन्हा राखीव ड्यूटी लागली, आणि पुन्हा शेवटच्या तासाला फोन आला, तेव्हा तिने पुन्हा तोच शब्द लिहायला लावला.

त्या संध्याकाळचं सातचं विमान साडेनऊला सुटलं. झोप झालेला वैमानिक मिळेपर्यंत तेवढा वेळ गेला. प्रवाशांना तांत्रिक कारण सांगितलं होतं. काउंटरवरची मुलगी हात जोडत होती आणि लोक तिच्या अंगावर धावून जात होते. "झोपा काढता काय रे तुम्ही?" असं त्यांतला एक जण सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

तो मी होतो.