शेंदूर फासलेली गोळी

गाझियाबादपलीकडच्या शेतात रविवारी सकाळी नुसती जत्रा उसळली होती. पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा जाडजूड गठ्ठा, त्यामागे डोळे मिटून बसलेला चेला आणि समोर बंदूक रोखलेले निशानबाबा. धाडकन बार झाला. गठ्ठा हादरला. चेला हात जोडून उठला, अंगावर ओरखडासुद्धा नाही!

"देखा? सिंदूरवाली गोली जानवर में ही रुकती है. भक्त को पहचानती है!" बाबा गरजले. पिकं तुडवणाऱ्या नीलगायी मारायचा परवाना मिळालेले शेतकरी काडतुसं पुढे करू लागले. बाबा त्यांच्या टोकांना शेंदूर फासत सुटले.

कुमुदकाकू पहिल्याच रांगेत होत्या. गेल्या हिवाळ्यात त्यांचा थोरला, राघव, मित्राबरोबर इथेच नीलगायींना आरडाओरड करून हुसकायला, हाका घालायला आला होता. नीलगायीतून आरपार आलेली शेंदूर फासलेली गोळी त्याच्या छातीत शिरली. "श्रद्धा कम थी," बाबांनी निकाल दिला. पोर गेलं ते गेलं, वर हा कलंक! तो पुसायला काकू आज धाकट्या साकेतला जनावरापलीकडे उभं करणार होत्या. काय म्हणावं या माउलीला!

दिल्लीतल्या द्वारकेहून धावत आलेली पुतणी मृणाल गुन्ह्यांतल्या गोळ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिने बाबांचं एक काडतूस आणि शेतमालकाचं एक उचललं, ओढणीने शेंदूर पुसला.

"काकू, बघा. बाबांच्या गोळीचं टोक उघडं शिशाचं. ते आत शिरताच पसरतं, म्हणून गठ्ठ्यात अडकतं. ह्या गोळीवर टोकापर्यंत तांब्याचं कवच आहे. ही पसरत नाही."

"शक करने से मंत्र टूटता है!" बाबा ओरडले. केवढा नाजूक मंत्र!

मृणालने गठ्ठ्यामागच्या खुर्चीवर साकेतचं जॅकेट चढवलं. शेतमालकाने आपली गोळी झाडली.

जॅकेटला छातीवर भोक पडलं होतं. काकूंनी त्यात बोट घातलं.

"मृणाल, मग माझ्या राघवची श्रद्धा कमी नव्हती?"

"नव्हती हो, काकू. गोळीला श्रद्धा कळतच नाही. शिशाची गोळीसुद्धा जनावरात कुठे थांबेल, याची हमी आम्ही देत नाही. म्हणून पलीकडे माणूस उभा करायचाच नाही."

काकू ढसाढसा रडल्या. मग जॅकेट उंच धरून गर्दीकडे वळल्या.

"मेरा एक चला गया. विश्वास करने से पहले पोंछकर देखो, भाई. किसी का बेटा खड़ा करके मत देखो."